भाऊसाहेबांची तपासणी

आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरचे अक्षांश-रेखांश जगात एकाच माणसाला तोंडपाठ आहेत. ते म्हणजे आमच्या शेजारचे रंगनाथराव औताडे, ज्यांना सगळं पुंडलिकनगर भाऊसाहेब म्हणतं. रोज सकाळी दूधवाला येऊन गेला, वाळूजच्या कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवून गेली, की ते पायजम्यावर स्वेटर चढवून बाहेर येतात. चेंबरच्या लोखंडी झाकणावर दोन्ही पाय जुळवून उभे राहतात आणि हातातलं जीपीएस यंत्र छातीशी धरून आकाशाकडे बघतात. गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, गृहस्थ सूर्याला अर्घ्य देताहेत. पाच मिनिटांनी ते खिशातून वही काढतात, आकडा लिहितात आणि नाराजीनं मान हलवतात.

"बाई, काल हे झाकण तिकडं होतं. आज चार मीटर इकडं सरकलंय."

"झाकण सरकलं की यंत्र चुकलं, भाऊसाहेब?"

"त्येचीच तर तपासणी चालू हाय."

ईरा, निहार, तुम्ही त्यांना 'जीपीएस आजोबा' म्हणता. मागच्या दिवाळीत त्यांनी तुमच्यासाठी बागेत बिस्किटांचा डबा लपवला होता आणि हातात यंत्र देऊन तुम्हाला शोधायला पाठवलं होतं. तुम्ही तो चार मिनिटांत शोधलात आणि नाचत परत आलात. भाऊसाहेबांनी शाबासकी दिली, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "एवढ्या लवकर?" एवढंच म्हणाले. तेव्हा मला वाटलं, लपवणाऱ्याचा पराभव झाला म्हणून वाईट वाटलं असेल.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्यांनी शेवटी कुठलं यंत्र घेतलं?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला ते फक्त सुट्टीपुरते माहीत आहेत, तेव्हा पहिल्यापासूनच लिहिते.

भाऊसाहेब चौतीस वर्षं भूकरमापक होते. म्हणजे सरकारी मोजणीदार. पैठणपासून कन्नडपर्यंत त्यांनी मोजली नाही अशी वाडी नसेल. आधी साखळीनं, नंतर फळीवर कागद ताणून, शेवटी शेवटी मशीननं. कुणाचंही शेत मोजायचं तर आजूबाजूच्या शेतवाल्यांना आधी नोटीस द्यावी लागते. त्यांना म्हणतात लगतधारक. त्यांनी समक्ष हजर राहायचं, मोजणी बघायची आणि पंचनाम्यावर सही करायची, म्हणजे पुढे कुणाची तक्रार नको. भाऊसाहेब निवृत्त झाले, पण ही पद्धत काही निवृत्त झाली नाही. त्यांच्या अंगणातलं लिंबाचं झाड आमच्या कुंपणावर येतं. एकदा सकाळी आमच्या फाटकाला कागद अडकवलेला दिसला. 'सदर लिंबाची पूर्वेकडील फांदी रविवारी सकाळी नऊ वाजता तोडण्यात येणार आहे. लगतधारकांनी समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.' तुमचे आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून हजर राहिले, सही केली आणि सहा लिंबं घेऊन परत आले.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे 'तपासणी बाकी हाय'. हे वाक्य ते कशालाही लावतात. चहात साखर बरोबर आहे का विचारा. अर्धा कप संपला तरी उत्तर येईल, "तपासणी बाकी हाय." मेथीची जुडी, डॉक्टरनं बदललेली गोळी, समोरच्या प्लॉटवर उभी राहणारी भिंत, सगळ्यांची तपासणी बाकी. त्यांच्या बायकोला, मालनताईंना, मी एकदा विचारलं होतं, "लग्नाच्या आधी तुम्हाला बघायला आले तेव्हा काय म्हणाले?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "काय म्हणणार? आल्या आल्या आमच्या घराची चौकट गुण्यात, काटकोनात हाय का ते बघितलं." मालनताई जाऊन आता बारा वर्षं झाली.

त्यांना एकच मुलगा, नितीन. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे तो काही माझा विद्यार्थी नव्हता, पण नकाशे बघायला आमच्याकडे यायचा. जमिनीवर पालथा पडून ॲटलासवर बोट फिरवत बसायचा. आठ वर्षांचा असताना वडील त्याला मोजणीला घेऊन गेले होते, खुलताबादच्या पलीकडच्या एका टेकडीवर. ती गोष्ट भाऊसाहेबांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. टेकडीच्या माथ्यावर मोजणीचा एक जुना दगड होता. त्याला चुना भाऊसाहेबच फासायचे, म्हणून तो 'माझा दगड'. त्या दगडाशी दुर्बीण लावून त्यांनी पोराला दौलताबादचा किल्ला दाखवला. जुन्या मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, वरचं खाली आणि खालचं वर. नितीननं डोळा लावला आणि किंचाळलाच, "बाबा, किल्ला पडला!" एवढं सांगून भाऊसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. "किल्ला पडला म्हणे! लई घाबरलं होतं. माझ्या पायाला मिठी मारली."

हाच नितीन पुढे न्यूझीलंडला गेला आणि तिथे त्याला जिओकॅशिंगचा छंद लागला. हा खेळ तुम्हाला माहीत आहे, पण भाऊसाहेबांना समजावून सांगताना मी तिथे होते. "बाबा, कुणीतरी डबा लपवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरा कुणीतरी अनोळखी माणूस यंत्र घेऊन तो शोधतो, आतल्या वहीत आपलं नाव लिहितो आणि डबा जिथल्या तिथं ठेवून घरी जातो."

"न्यायचं काय?"

"काही नाही."

"नुसतं जायचं, बघायचं, सही करायची अन् यायचं?"

"हो."

"मंग नोकरीच झाली की!"

शेवटचा आला तेव्हा नितीन एक दिवस एकटाच मोटारसायकल घेऊन गेला आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत आला. वडिलांच्या हातात एक चिठ्ठी दिली. "तुमच्यासाठी डबा ठेवलाय. शोधून दाखवा. पण मोबाइल न्यायचा नाही, त्यात मजा नाही. हातात धरायचं साधं यंत्र घ्यायचं. तुम्ही निवडा, मी घेऊन देतो." भाऊसाहेबांनी चिठ्ठी खिशात ठेवली. "डब्यात काय हाय?" नितीन म्हणाला, "ते उघडल्यावर."

आठ महिन्यांनी नितीन तिकडे एका सकाळी झोपेतून उठलाच नाही. सदतीस वर्षांचा होता. भाऊसाहेबांकडे पासपोर्ट नव्हता. चौतीस वर्षं जिल्ह्याच्या बाहेर जायचं काम पडलं नव्हतं. जे करायचं ते तिकडे त्याच्या मित्रांनी केलं. दोन महिन्यांनी एक मोठं खोकं आलं.

त्यानंतर भाऊसाहेब जीपीएस यंत्र निवडायला लागले. त्याला आता चार वर्षं होतील.

पहिलं यंत्र बोटानं पडद्यावर टिचकी मारून चालवायचं होतं. साखळी ओढून ओढून भाऊसाहेबांची बोटं अशी झाली आहेत की पडदा त्यांना ओळखायलाच तयार नव्हता. "माझं बोट ह्याला लाकूड वाटतंय," म्हणाले आणि परत पाठवलं. दुसऱ्याला बटणं होती, पण ते विजेवर चार्ज करायचं. "डोंगरात प्लग कुठं लावू? पळसाला? पेन्सिल सेलवालं पायजे. सेल कुठल्याबी टपरीवर भेटतो." तिसरं सेलवर चालायचं, बटणं मोठी होती, पण त्याचा पडदा उन्हात काळा पडायचा. भाऊसाहेब डोक्यावर टॉवेल घेऊन झाकणावर उभे राहायचे आणि टॉवेलच्या आतून आकडे ओरडायचे. चौथ्याचं होकायंत्र चालत असतानाच दिशा दाखवायचं. थांबलं की सुई भटकायची. "उभं राहिलं की ह्याला काहीच कळत नाय. म्या सारखं चालतच राहू व्हय?" पाचवं दरीत, झाडाखाली किती चुकतं ते बघायला ते वेरूळपर्यंत जाऊन आले आणि तेही नापास झालं. पार्सल आणणाऱ्या माणसानं एकदा मला विचारलं, "मावशी, ह्या काकांचं दुकान आहे का?"

दर रविवारी सलीमभाई यायचे. सलीमभाई भाऊसाहेबांच्या हाताखाली साखळी धरायचे. मोजणीत साखळीचं एक टोक साहेबाकडे आणि दुसरं शिपायाकडे, असे हे दोघं पंचवीस वर्षं जिल्हाभर फिरले. आता सलीमभाईंची रिक्षा आहे. ते ओट्यावर बसून नव्या यंत्राकडे बघायचे आणि म्हणायचे, "साब, छोडो ना. साखळी निकालते, मैं पकडता दूसरा सिरा."

"सलीम, तू गप. तपासणी बाकी हाय."

"हौ साब. बाकीच है."

मी मात्र गप्प बसले नाही. ते माझ्या स्वभावात नाही. यंदा पावसाळ्यात भाऊसाहेबांचा डावा गुडघा सुजला. मला वाटलं, हा माणूस असाच निवडत बसला तर डोंगर चढायचा राहूनच जाईल, आणि पोराची शेवटची इच्छा तशीच पडून राहील. एका दुपारी मी फुटपट्टी घेऊन तक्ता आखला. यंत्रं डावीकडे आणि वर रकाने: पेन्सिल सेल, उन्हातला पडदा, मोठी बटणं, पावसात टिकणं, उभ्या जागी दिशा, झाडाखालची अचूकता. प्रत्येकाला गुण दिले. एका यंत्राला सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण आली. त्याच्याभोवती लाल पेन्सिलनं चौकट काढली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो बराच वेळ वाचला. खालून वर वाचला. चूक शोधत होते, पण सापडली नाही.

"बाई, ह्याची दोरी कसली हाय?"

"दोरी बदलता येते, भाऊसाहेब. घ्या आता."

"घ्यावंच लागतंय म्हणा," असं म्हणून कागदाची घडी करत ते उठले. जाताना माझ्याकडे न बघता गेले. मला वाटलं, एवढी वर्षं केलेलं काम मी एका दुपारी केलं, म्हणून रागावले असतील.

यंत्र आलं. आठ दिवस झाकण जागचं हललं नाही. नवव्या दिवशी आमच्या फाटकाला नोटीस लागली. 'कै. नितीन रंगनाथ औताडे यांनी ठेवलेल्या डब्याचा शोध रविवारी घेण्यात येणार आहे. लगतधारकांनी समक्ष हजर राहावे.' खाली दोनच नावं होती, माझं आणि सलीमभाईंचं.

तुमचे आजोबा म्हणाले, "तू डोंगरावर कुठं चढतेस?" मी म्हटलं, "नोटीस आहे."

सलीमभाईंच्या रिक्षातून निघालो. दौलताबादच्या घाटात रिक्षा दोनदा तापली. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. भाऊसाहेब यंत्र मांडीवर धरून बसले होते. सलीमभाई मागे वळून म्हणाले, "मशीनकू इतनाच पूछो साब, चाय की टपरी किधर है. बाकी रस्ता मेरेकू मालूम है."

"सलीम," भाऊसाहेब म्हणाले, "पुढं बघ."

रिक्षा एका वस्तीपाशी ठेवून आम्ही चालायला लागलो. कमरेएवढं पिवळं गवत. भाऊसाहेब पुढे, मग मी, मागे काठी घेऊन सलीमभाई. यंत्रातला बाण उताराच्या बाजूनं दाखवत होता. भाऊसाहेब मोठ्यानं आकडे सांगत होते. "वीस मीटर. बारा. सहा. तीन. थांबा."

तिथे काही नव्हतं. घाणेरीची झुडपं आणि मुठीएवढे दगड. दीड तास आम्ही शोधलं. भाऊसाहेब एकेक दगड उचलायचे, खाली बघायचे आणि पुन्हा अगदी तसाच ठेवायचे. मी झुडपांत हात घालून ओरबाडून घेतले. सलीमभाई थोडा वेळ काठीनं गवत हलवत फिरले आणि मग एका जागी बसून राहिले. मला त्यांचा राग आला.

"सापडत नाय बघा," भाऊसाहेब शेवटी म्हणाले. आवाज इतका हलका होता की मी वळून पाहिलं. "चला, जेवून घेऊ."

ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. भाऊसाहेब दोन भाकरी जेवले. सकाळी घाटात त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. टेकडीच्या माथ्याकडे पाठ करून बसले होते आणि सलीमभाईंना कुठल्याशा जुन्या साहेबाची नक्कल करून दाखवत होते.

हात धुतल्यावर त्यांनी पिशवीतून कागद काढला. "पंचनामा करू. बाई, तुमचं अक्षर चांगलं. म्या सांगतो, तुम्ही लिहा. आज रोजी आम्ही पंच सदर जागेवर समक्ष हजर राहून... जागेचे आकडे ह्यातून घ्या." आणि त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. चार वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होते. प्लास्टिकच्या पाकिटात नीट जपलेली.

मी भूगोल शिकवलेला आहे. नितीननं अंश लिहिले होते, मिनिटं लिहिली होती आणि मिनिटांपुढे दशांश चिन्ह देऊन तीन आकडे. म्हणजे ते सेकंद नव्हते, मिनिटाचाच तुकडा होता. यंत्रात भाऊसाहेबांनी त्यातले पहिले दोन आकडे सेकंद म्हणून घातले होते. एवढ्यानं जागा अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकते.

"भाऊसाहेब, अहो, चूक सापडली!" मी म्हणाले. मला आनंद झाला होता. "हे सेकंद नाहीतच. आपण भलत्याच..."

आणि तेवढ्यात मला चिठ्ठीची खालची ओळ दिसली. नितीनच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खूण: बाबांचा दगड.'

मी वर पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर, उन्हात, एक बुटका दगड उभा होता. चुना कधीच उडालेला, तरी आजूबाजूच्या दगडांपेक्षा पांढरा. तिथे जायला कुठलंच यंत्र लागत नव्हतं. पहिल्या दिवशीही लागत नव्हतं.

सलीमभाई जमिनीकडे बघत होते.

भाऊसाहेब जेवणाच्या डब्याचं फडकं बांधत होते. गाठ बसली होती, तरी पुन्हा सोडून बांधत होते. "चौतीस वर्षं अंश-मिनिटं लिहिली, बाई," ते म्हणाले. "मला कळत नाय व्हय?"

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

"तिकडून खोकं आलं ना त्याचं, त्ये म्या एका दिवसात समदं उघडलं. कपडे, घड्याळ, चष्मा, बूट. सकाळी बसलो अन् दुपारपर्यंत संपलं बी. पुढं काय करावं कळंना." त्यांनी गाठ पुन्हा आवळली. "आता हे एकच राहिलंय. हे उघडलं की पोराकडनं यायचं काय बी उरलं नाय."

वाऱ्यानं कागद उडाला. सलीमभाईंनी तो पकडला आणि माझ्यापुढे धरला. "लिखो बाई," ते हळूच म्हणाले.

पोरांनो, मी आयुष्यात खोट्या कागदावर सही केलेली नाही. शाळेत एका मुलीच्या हजेरीसाठी खुद्द संस्थेच्या चिटणीसांना नाही म्हटलं होतं. आणि इथे चार महिने मी या माणसाच्या मागे लागले होते. फुटपट्टीनं रकाने आखून, लाल पेन्सिलनं चौकट काढून त्याला कोपऱ्यात गाठलं होतं. म्हणून तो इथवर आला, आणि तरीही त्यानं जायची वाट चुकवली.

मी कागद गुडघ्यावर घेतला. आकडे लिहिले, त्यांनी घातले होते तसेच. खाली लिहिलं, 'आम्ही पंचांनी सर्व बाजूंनी शोध घेतला असता डबा मिळून आला नाही.' माझी सही केली. सलीमभाईंनी उर्दूत सही केली. मग मी कागद भाऊसाहेबांकडे दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि परत माझ्याकडे केला.

"बाई, एक ऱ्हायलं."

"काय?"

"खाली लिवा. तपासणी बाकी."

मी लिहिलं.

उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता. सलीमभाईंनी काठीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून स्वतः पुढे चालायला लागले. भाऊसाहेबांनी एकदा थांबून मागे पाहिलं. मीही थांबले, पण वर पाहिलं नाही.

ते यंत्र त्यांनी परत केलं. दोरी मानेला टोचते म्हणाले. सध्या नवीन आलं आहे, पिवळ्या रंगाचं. आज सकाळी चेंबरचं झाकण अडीच मीटर दक्षिणेला होतं.

दिवाळीत तुम्ही याल तेव्हा ते तुमच्यासाठी पुन्हा डबा लपवणार आहेत. जागा त्यांनी आत्तापासून हेरून ठेवली आहे. गुपित आहे म्हणून मला सांगितलं, आणि मी ते तुम्हाला सांगणार नाही. पण बाग काही मोठी नाही, तुम्हाला तो लगेच दिसेल. दिसला तरी ओरडू नका. दोन-चार चकरा जास्त मारा. एखादा दगड उचला, खाली बघा आणि पुन्हा तसाच ठेवा. ते बाकावर बसलेले असतील. मधून मधून त्यांना विचारा, "आजोबा, अजून किती मीटर?"